परदेशातल्या सामन्याला जाणारा फुटबॉल चाहता: सरकार त्याला सांभाळतं की त्याच्यावर पाळत ठेवतं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, घरातल्या एका प्रश्नावरून हा धागा काढतोय, पण विषय घरापुरता नाही.

भाचा इंग्लंडात शिकतो. तिकडे गेल्यापासून एका क्लबाचा कट्टर झालाय. आता त्याच्या क्लबाचा युरोपातला सामना रोममध्ये आहे, पाहुण्यांच्या स्टँडमधलं तिकीट मिळालंय आणि स्वारी हवेत आहे. इकडे सांगलीत बहिणीची झोप उडाली आहे. कुणीतरी तिला मार्च २०२४ ची बातमी पाठवली. रोमाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या रात्री ब्रायटनच्या दोन चाहत्यांना रोममध्ये भोसकून लुटलं होतं. रोज फोन करून विचारते, “दादा, तिथलं सरकार काही बघतं की नाही?”

त्या निमित्ताने बरंच वाचलं आणि प्रश्न वाढले. परक्या देशात सामना बघायला गेलेल्या माणसाची जबाबदारी नक्की कुणाची? त्याच्या सरकारची, यजमान पोलिसांची, क्लबाची, की ज्याची त्याने बघावी? आणि पाहुण्या चाहत्यांना येऊच न देणं हा जो उपाय हल्ली सर्रास वापरतात, तो तुम्हाला पटतो का? मला अजिबात पटत नाही. दंगेखोर मूठभर असतात, शिक्षा मात्र तिकीट काढून, रजा टाकून येणाऱ्या प्रत्येकाला होते.

ज्यांनी असे सामने पाहिलेत किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरूर लिहा. बहिणीला वाचून दाखवणार आहे.

गनर_ठाणे

जाऊ द्या हो बिनधास्त. वय आहे त्याचं. ताईंना सांगा, रोममध्ये खरा धोका पाकीटमारांचा.

स्टॉपर_मंगळवारपेठ

आईला पाकीटमार सांगून भागत नाही गड्या. तिला नीट उत्तर पाहिजे. वाचतोय.

ब्रसेल्सकर

चांगला विषय. मी राहते तिथून हेझेलचं मैदान जवळ आहे, आता त्याचं नाव किंग बोडुएन स्टेडियम. २९ मे १९८५ ला तिथे लिव्हरपूल आणि युव्हेंटसचा युरोपियन कपचा अंतिम सामना होता. सामन्याआधी लिव्हरपूलच्या चाहत्यांनी शेजारच्या स्टँडवर चाल केली, माणसं मागे रेटली गेली आणि भिंत कोसळली. ३९ माणसं गेली, बहुतेक इटालियन. दोष चाल करणाऱ्यांचा होताच, पण मैदान मोडकळीला आलेलं होतं आणि दोन गटांच्या मध्ये धड बंदोबस्तही नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युरोप परिषदेने प्रेक्षकांच्या हिंसाचारावर करार केला. इंग्लिश क्लबांना युरोपातून बाहेर काढलं, ते १९९० मध्ये परत आले, लिव्हरपूलला आणखी एक वर्ष थांबावं लागलं. तेव्हापासून सरकारांच्या मनात पक्कं बसलं की प्रवासी चाहता म्हणजे धोका. तो संकटातही सापडू शकतो, त्यालाही मदत लागते, हे सुचायला पुढे तीस वर्षं गेली.

२००० च्या युरो स्पर्धेत ब्रसेल्स आणि शार्लरुआमध्ये इंग्लिश चाहत्यांनी धुडगूस घातला. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, इंग्लंडला स्पर्धेतून काढण्याची धमकी दिली आणि ब्रिटिश संसदेने घाईघाईत त्याच वर्षी नवा कायदा आणला. ज्याच्यावर फुटबॉलबंदीचा आदेश आहे त्याने परदेशातल्या सामन्याच्या आधी पासपोर्ट पोलिसांकडे जमा करायचा. बंदी तीन ते दहा वर्षांची. २०२२ च्या कतार विश्वचषकाच्या वेळी अशा १,३०० हून जास्त लोकांना रोखलं होतं.

२००२ पासून युरोपीय संघातल्या प्रत्येक देशात फुटबॉलची माहिती देवाणघेवाण करणारं पोलिसांचं केंद्र असतं. किती लोक येणार, कुठल्या मार्गाने, त्यात उपद्रवी कोण, हे दोन्ही देश आधी कळवतात. पाहुण्या क्लबाला ओळखणारे त्यांच्याच गावचे पोलीस बरोबर जातात. त्यांना परदेशात अटकेचा अधिकार नसतो, पण चेहरे ओळखतात आणि स्थानिक अधिकाऱ्याला सांगतात, “ही पोरं गाणी म्हणतायत, भांडत नाहीयेत.” अनेक संध्याकाळी त्या एका वाक्यामुळे लाठी खाली राहते. भाच्याबरोबर हे लोक बहुधा असतील, त्याला ते दिसणार नाहीत इतकंच.

शंकासुर

ब्रसेल्सकर, माहितीबद्दल आभार. पण मुद्दा असा आहे की त्या २००० च्या कायद्यात गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसावरही पोलिसांच्या अर्जावरून बंदी घालता येते. दंडाधिकाऱ्याला पटलं की झालं. फुटबॉल बघतो म्हणून नागरिकाचा पासपोर्ट काढून घेणं हे मला गंभीर वाटतं. याला ‘चाहत्यांचं रक्षण’ का म्हणायचं?

गनर_ठाणे

कारण त्या १,३०० जणांमुळे उरलेल्या हजारोंची डोकी फुटत होती.

ब्रसेल्सकर

शंकासुर, तुमचा आक्षेप तिथल्या वकिलांनीही घेतला होता, न्यायालयात लढले आणि हरले. माझं मत असं: नाव घेऊन, पुरावा दाखवून, ठरावीक मुदतीसाठी एका माणसाला रोखणं परवडलं. सरसकट सगळ्या गावाला रोखणं त्याहून वाईट. पहिल्यात निदान अपील करता येतं.

स्टॉपर_मंगळवारपेठ

आता मी लिहितो. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलच्या धाग्यावर किती वेळ गप्प बसणार!

आमच्याकडं पाटाकडील आणि दिलबहार, किंवा शिवाजी आणि खंडोबा असली तालमींची जोडी शाहू स्टेडियमवर आली की पेठांत सकाळपासून वातावरण तापतं. पोरगा होतो तेव्हापासून बघतोय. मॅच सुरळीत जाणार की नाही ते गेटवरच्या माणसांवर ठरतं. एक हवालदार होते, नाव लिहीत नाही. सगळ्या तालमीतल्या पोरांना नावानं ओळखायचे. कुणी दगड उचलला की लांबूनच हाक यायची, “ए, तुझ्या बाला सांगू काय?” पोरगं दगड टाकून मागं. ते नसले आणि बाहेरून कुमक मागवलेली असली की तीच पोरं, तीच मॅच, आणि संध्याकाळी लाठीमार. ब्रसेल्सताई म्हणतायत ते ओळखणारे पोलीस म्हणजे हेच की. फक्त आमच्यासाठी जी बिंदू चौकातली गोष्ट, ती तिकडं दोन देशांत बसवावी लागते.

बंदीबद्दल माझं मत शेवटी देतो, आधी बाकीच्यांचं ऐकतो.

लाल_मफलर

लिव्हरपूलमध्ये राहतो, त्यामुळे पॅरिसवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. २८ मे २०२२ च्या रात्री मी घरी टीव्हीसमोर होतो, पण लिव्हरपूल अंतिम फेरीत, म्हणून आमच्या गल्लीतली अर्धी घरं तिकडे होती. नंतर अहवाल आले ते सगळे वाचून काढले.

चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मुळात सेंट पीटर्सबर्गला व्हायचा. युक्रेनवर हल्ला झाल्यावर फेब्रुवारीत तो पॅरिसला हलवला, म्हणजे तयारीला तीन महिने. त्या दिवशी एका रेल्वे मार्गावर संप, म्हणून गर्दी दुसऱ्या स्थानकाकडे वळवली. तिथून मैदानाकडे जाणारी वाट पुलाखालून जाते, आधीच अरुंद, त्यात पोलिसांच्या गाड्या आडव्या. त्याच तोंडावर दहशतवादविरोधी तपासणी आणि तिकीट तपासणी एकत्र ठेवलेली. हजारो माणसं तुंबली. पुढे फाटकं बंद झाली. तिकीट हातात घेऊन लोक तासन्‌तास उभे, लहान मुलं, व्हीलचेअरवरची माणसं. मग अश्रुधूर सोडला. सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला आणि संपल्यावर बाहेर पडणाऱ्यांना टोळ्यांनी लुटलं.

आणि त्याच रात्री मैदानातल्या फलकावर काय झळकलं? चाहते उशिरा आल्यामुळे सामना लांबला. लोक वेळेच्या कितीतरी आधी पोचलेले होते! दोन दिवसांनी फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्ड दारमानँ म्हणाले, तीस ते चाळीस हजार लोक खोटी तिकिटं घेऊन किंवा बिनतिकिटाचे आले होते. फाटकावर सापडलेली खोटी तिकिटं निघाली अडीच हजारांच्या आसपास. मैदानाबाहेरचं कॅमेऱ्याचं चित्रीकरण कुणी वेळेत मागितलंच नाही, ते सात दिवसांनी आपोआप पुसलं गेलं.

या शहराला हे नवीन नव्हतं. १९८९ ला हिल्सबरोच्या मैदानात लिव्हरपूलची माणसं चेंगरून मेली, आज तो आकडा ९७ धरला जातो. तेव्हाही पहिल्याच दिवशी चाहत्यांवर खापर फोडलं होतं आणि ती माणसं निर्दोष होती हे चौकशी न्यायालयाच्या तोंडून ऐकायला २०१६ उजाडलं. त्यातून वाचलेले काही लोक पॅरिसच्या त्या रांगेत उभे होते. त्यांनीच आजूबाजूच्यांना सांगितलं, ढकलू नका, जागेवर थांबा. युएफाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये लिहिलं की मुख्य जबाबदारी युएफाची, फ्रेंच पोलिसांचीही मोठी, आणि कुणाचा जीव गेला नाही हेच विशेष. लिव्हरपूलचे लोक म्हणजे दंगेखोर हा जुना समज डोक्यात ठेवून बंदोबस्त आखला होता, असंही त्यात आहे.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे. सरकार एकदा माणसाकडे संशयित म्हणून बघायला लागलं की त्याच्यासमोर माणूस गुदमरत असला तरी त्याला दंगल दिसते.

ब्रसेल्सकर

लाल_मफलर, यात भर घालते. ज्या मैदानाबाहेर हे घडलं, त्याच मैदानात जुलै २०१६ मध्ये युरोप परिषदेचा नवा करार सह्यांसाठी खुला झाला होता. गावाच्या नावावरूनच तो सें-देनी करार. १९८५ च्या कराराची जागा त्याने घेतली. त्यात स्पष्ट लिहिलंय की नुसता पोलीस बंदोबस्त पुरेसा नाही, मैदानाची सुरक्षितता आणि आलेल्या लोकांची नीट व्यवस्था या दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या. म्हणजे पाणी, स्वच्छतागृहं, दिशादर्शक फलक, समजेल त्या भाषेत सूचना. फाटकावरच्या शेवटच्या शिपायापर्यंत हे पोचलं तर उपयोग.

स्टॉपर_मंगळवारपेठ

लाल_मफलर, वाचून अंगावर काटा आला. गेटवर पोरांना घेऊन उभं राहायचं आणि वर धूर. ह्याला काय म्हणायचं.

फातोर्डा_नॉर्थ_स्टँड

अश्रुधुराचा विषय निघाला म्हणून लिहितो. १ ऑक्टोबर २०२२, इंडोनेशियातलं मलांग. तिथल्या कान्जुरुहान मैदानात १३५ जण गेले. त्या सामन्याला पाहुण्या संघाच्या, पर्सेबायाच्या, चाहत्यांना बंदी होती! मैदानात सगळे घरचेच. हरल्यावर काही जण आत उतरले, पोलिसांनी स्टँडकडे अश्रुधूर सोडला, लोक दाराकडे पळाले आणि दारांशी चेंगरले. फिफाच्या सुरक्षा नियमांत मैदानात असला वायू वापरायचा नाही असं लिहिलेलं आहे. तेव्हा पाहुणे काढले की धोका संपला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमच्या गोव्यात पाहुण्यांचं कौतुकच जास्त. मार्च २०२२ ची आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल फातोर्ड्याला, हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स. सगळं मडगाव पिवळं झालं होतं. आम्ही हॉटेलवाल्यांना सांगून रात्री उशिरापर्यंत जेवण चालू ठेवायला लावलं. पण त्याच सामन्याला येताना केरळचे दोन तरुण कासारगोडजवळ मोटरसायकलच्या अपघातात गेले. गोव्याला पोचलेच नाहीत. रक्षण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर चाकू येतो. रात्रभर गाडी मारत येणाऱ्या पोरांसाठी जादा रेल्वे सोडणं हेही रक्षणच, बाब.

गनर_ठाणे

+१. जादा गाडीचा मुद्दा एक नंबर.

शंकासुर

फातोर्डा, कान्जुरुहानचं उदाहरण मान्य. पण बंदी नेहमीच निरुपयोगी असते असं नाही. २००० साली इस्तंबूलमध्ये गालातासरायविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी लीड्सच्या दोन चाहत्यांचा तक्सीम चौकात भोसकून खून झाला. परतीच्या सामन्याला तुर्की चाहत्यांना लीड्समध्ये येऊ दिलं नाही. येऊ दिलं असतं तर? शहर सुतकात होतं. काही वेळा सरकारला ‘आज नको’ म्हणावंच लागतं.

लाल_मफलर

त्या सामन्यापुरतं मान्य. पण तीच माणसं महिन्याभरात कोपनहेगनला अंतिम सामन्यात आर्सेनलच्या चाहत्यांना भिडली. राग एका गावात अडवला, दुसऱ्या गावात निघाला.

ब्रसेल्सकर

आणि अडवलं तरी येणारे येतातच. मार्च २०२३ मध्ये नेपल्सच्या प्रीफेक्टने, म्हणजे तिथल्या सरकारी प्रमुख अधिकाऱ्याने, फ्रँकफुर्टच्या चाहत्यांना तिकीटविक्री बंद केली. क्लब न्यायालयात गेला, पहिला आदेश स्थगित झाला, तर प्रीफेक्टने शब्द बदलून दुसरा काढला. परिणाम? शेकडो जर्मन बिनतिकिटाचे नेपल्समध्ये उतरले. स्टँड नाही, ठरलेला मार्ग नाही, बस नाही. जुन्या शहरात दंगल झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अथेन्सला त्याहून वाईट झालं. तिथला एईके आणि क्रोएशियाचा दिनामो झाग्रेब, दोन्ही सामन्यांना पाहुण्या चाहत्यांना युएफाची बंदी. तरी झाग्रेबची टोळी मोटारींनी मधले देश ओलांडून आली. वाटेतल्या पोलिसांनी ग्रीसला आगाऊ कळवलेलं होतं. तरीही ते मैदानापर्यंत पोचले आणि एईकेचा २९ वर्षांचा चाहता मारला गेला. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना हटवलं. मी वर ज्या माहिती केंद्रांचं कौतुक केलं त्यांनी काम केलं होतं. निरोप पोचला, त्यावर कुणी हललं नाही.

शंकासुर

हे पटण्यासारखं आहे. साध्या चाहत्याला बंदी पाळावी लागते आणि ज्याला मारामारीच करायची आहे तो ती पाळत नाही, असा अर्थ होतो.

मुंबई_पूर्व

अॅमस्टरडॅमबद्दल कुणीच लिहीत नाहीये. नोव्हेंबर २०२४, आयाक्स विरुद्ध मकाबी तेल अवीव. आदल्या रात्री मकाबीच्या काहींनी पॅलेस्टाइनचा झेंडा फाडला, टॅक्सीची नासधूस केली, अरबांविरुद्ध घोषणा दिल्या. सामन्याच्या रात्री शहरभर इस्रायली चाहत्यांना शोधून मारलं. इस्रायल सरकारने आपल्या लोकांना आणायला विमानं पाठवली. सरकारने स्वतः उतरण्याचं याहून मोठं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आणि त्याचे पडसाद बर्मिंगहॅमला. नोव्हेंबर २०२५ च्या अॅस्टन व्हिलाच्या सामन्याला मकाबीच्या चाहत्यांना स्थानिक सुरक्षा समितीने मनाई केली. पंतप्रधान स्टार्मर जाहीरपणे म्हणाले, निर्णय चुकला. नंतर चौकशीत कळलं की पोलिसांनी दिलेल्या माहितीत कधी खेळलाच न गेलेला एक सामना होता, एआयने रचलेला! मुख्य पोलीस अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं.

गनर_ठाणे

मकाबीच्या चाहत्यांनी आधी काय केलं ते

*(प्रतिसादाचा पुढील भाग संपादित)*

संपादक मंडळ

सदस्यांना विनंती: पश्चिम आशियाच्या राजकारणासाठी स्वतंत्र धागे आहेत. इथे चाहत्यांच्या सुरक्षेपुरतं लिहावं.

लाल_मफलर

संपादकांशी सहमत. सुरक्षेपुरतं बोलायचं तर बर्मिंगहॅममधलं सगळ्यात भयंकर हेच की बंदीमागची माहिती तपासलीच नव्हती. हजारो माणसांना गावात येऊ नका म्हणायचं तर आधार पक्का हवा.

आजोबा_सदाशिव

अवांतर: फुटबॉल फारसा बघत नाही, पण २००४ ची आठवण झाली. भारतीय क्रिकेट संघ पाकिस्तानात गेला तेव्हा पाकिस्तानने हजारो भारतीयांना सामन्यासाठी व्हिसा दिले. माझे एक स्नेही लाहोरला गेले होते. दुकानदार पैसे घेईनात, रिक्षावाला भाडं घेईना. बंदोबस्त मोठा होता, पण शहरानेच पाहुणे वाटून घेतले होते. दोन सरकारांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं ते त्या महिन्यात दिसलं. आज ते दिवस राहिले नाहीत याचं वाईट वाटतं.

फातोर्डा_नॉर्थ_स्टँड

आजोबा, छान लिहिलंत. अजून लिहा.

वाळूतला_विदर्भ

दोह्यातून. २०२२ च्या विश्वचषकात स्वयंसेवक होतो. इथे चाहत्याला ‘हय्या’ कार्ड लागायचं. तोच प्रवेशाचा परवाना, तोच मैदानाचा, तोच मेट्रोचा मोफत पास. सरकारला प्रत्येक माणूस कोण, कुठे उतरलाय ते ठाऊक. शंकासुरांना हे आवडणार नाही, पण हरवलेल्या माणसाला त्याचा फायदा झाला हे डोळ्यांनी पाहिलंय.

मला जास्त आवडली ती एकाच छताखालची वकिलातींची सोय. दोह्याच्या प्रदर्शन केंद्रात अनेक देशांच्या वकिलातींनी शेजारीशेजारी टेबलं लावली होती. मेक्सिकोच्या एका काकूंचा पासपोर्ट गेला होता. मी त्यांना मेट्रोतून तिथपर्यंत घेऊन गेलो. इंग्रजी येत नव्हतं, हातातल्या कागदावर हॉटेलचं नाव तेवढं लिहिलेलं. आपल्या भाषेत बोलणारी मुलगी टेबलापलीकडे दिसल्यावर त्या तिथेच रडायला लागल्या. पोलीस ठाणं, वकिलात, हॉटेल अशी पायपीट वाचली. मोठ्या स्पर्धेत हे प्रत्येक यजमान देशाने करायला हवं.

सगळं गोड नव्हतं. पहिल्याच रात्री अल बिद्दा पार्कात जागेपेक्षा फार जास्त माणसं जमली आणि ढकलाढकली झाली.

ब्रसेल्सकर

वाळूतला_विदर्भ, हीच कल्पना चाहत्यांनी स्वतः आधी राबवली होती. १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकात इंग्लंडच्या चाहता संघटनेने ‘चाहत्यांची वकिलात’ उघडली. टेबल, टेलिफोन आणि गाव माहीत असलेली चार माणसं. पुढे युरोपात ती पद्धतच पडली. जर्मनीत तर क्लबागणिक समाजकार्यकर्ते असतात, सरकारी पैशावर चालणारे, आणि ते पोरांबरोबर परगावच्या सामन्याला जातात. पहिला असा प्रकल्प ब्रेमेनमध्ये १९८१ साली सुरू झाला.

आजोबा_सदाशिव

वारीत दिंडीचा चोपदार असतो तसंच की हे. तो पोलीस नसतो, पण त्याने काठी उंच केली की दिंडी थांबते.

स्टॉपर_मंगळवारपेठ

आजोबा, मैदानात उतरलात की! पुढच्या मोसमात शाहू स्टेडियमला या, जेवायला आमच्याकडं.

शिक्का_मोर्तब

धागा सुरेख चाललाय, पण धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. मी पासपोर्ट-व्हिसाच्या कामात आहे म्हणून चटकन लक्षात आली. भाच्याचा पासपोर्ट कुठला?

वर लिहिलेलं ब्रिटिश सरकारचं बरंचसं संरक्षण ब्रिटिश नागरिकांसाठी आहे. पोलीस पथक सगळ्यांच्या बरोबर असेल, पण वकिलातीची मदत पासपोर्टवर ठरते. भाचा भारतीय असेल तर रोममध्ये त्याच्यासाठी ब्रिटिश दूतावास नाही, भारतीय दूतावास आहे. स्टँडमध्ये शेजारी बसलेल्या मित्राचा नंबर वेगळा, याचा नंबर वेगळा. इथे मुलं हमखास गोंधळतात.

पहिलं म्हणजे इंग्लंडचा स्टुडंट व्हिसा इटलीत चालत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. त्यासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेताना भांडणातली इजा आणि दारूच्या नशेतली इजा यांबद्दलचं कलम वाचावं, बऱ्याच पॉलिसी त्यातून हात काढून घेतात.

दुसरं, पासपोर्ट हरवला तर. दूतावास जे तातडीचं प्रमाणपत्र देतो ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं. त्यावर इंग्लंडला जाता येत नाही. परीक्षा तोंडावर असलेला मुलगा रोमहून मुंबईला येऊन पडेल! इंग्लंडला परतायचं तर नवा पासपोर्टच काढावा लागतो आणि तो ब्रिटनच्या ऑनलाइन व्हिसा खात्याला जोडावा लागतो. म्हणून पासपोर्ट जिवापाड सांभाळायचा.

तिसरं, पोलिसांनी धरलं तर. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा त्याला हक्क आहे. दूतावास त्याला सोडवून आणू शकत नाही. वकिलांची यादी देतो, घरी कळवतो, भेटायला माणूस पाठवतो. त्याचा मोठा आधार असतो. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, घरचेही त्यावर तक्रार नोंदवू शकतात. बहिणीला ते आधीच उघडून दाखवा.

कृष्णाकाठ

शिक्का_मोर्तब, खूप आभार. भारतीयच पासपोर्ट आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज केलाय म्हणतो, विम्याचं कलम आजच विचारतो. ताईने तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय. तिचा प्रश्न: प्रत्यक्ष रोममध्ये मैदानापर्यंत जायचं कसं?

निळा_रेनकोट

मी इंग्लंडहून रोमला पाहुण्या स्टँडमध्ये सामना बघून आलोय, म्हणून सांगतो. पाहुण्या चाहत्यांना बहुतेक वेळा व्हिला बोर्गेसे बागेच्या कडेला पियाझाले देले कानेस्त्रे इथे जमायला सांगतात. तिथून पोलिसांच्या गाड्यांच्या सोबतीने बस थेट ओलिंपिको मैदानावर. आमच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, काचा धुरकटलेल्या, सगळे गात होते. बाहेर चौकाचौकात मोटरसायकलवाला पोलीस वाहतूक अडवून उभा. फाटकावर तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न्‌ अक्षर जुळवून बघतात. माझ्या पुढच्या मुलाच्या तिकिटावर वडिलांचं नाव छापलेलं नव्हतं, पासपोर्टवर होतं, तर त्याला बाजूला काढून पंधरा मिनिटं चौकशी केली. मराठी नावं लांब असतात, भाच्याला तिकिटावरचं नाव आत्ताच तपासायला सांगा.

सामना संपल्यावर घरचा प्रेक्षक पांगेपर्यंत आम्हाला स्टँडमध्ये थांबवून ठेवलं. थंडी मरणाची. रात्रीचं परतीचं विमान असेल तर चुकणारच, मुक्काम ठेवावा. आदल्या रात्री एकटा-दुकटा क्लबाचा मफलर घालून दारूच्या गल्ल्यांत हिंडू नये. २०२४ चा प्रकार आदल्या रात्रीचाच होता. काहीही झालं तर ११२, युरोपभर चालतो.

शंकासुर

निळा_रेनकोट, बसमध्ये भरून न्यायचं, काचेतून शहर दाखवायचं, सामन्यानंतर कोंडायचं. सुरक्षित आहे हे मान्य, पण हा प्रवास राहिला का?

निळा_रेनकोट

सामन्याच्या दिवशी नाही राहत, खरं आहे. मी दुसऱ्या दिवशी थांबलो आणि शांतपणे शहर पाहिलं. चिडचिड झाली होती, पण बसमधल्या ६० वर्षांच्या गृहस्थांनी सांगितलं की २००७ मध्ये याच मैदानात पोलिसांनी मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांवर स्टँडमध्ये लाठ्या चालवल्या होत्या, त्या मानाने आता खूप बरं आहे. मला वाटतं बस असावी, पण ऐच्छिक असावी. आणि थांबवून ठेवायचं तर चहा-पाण्याची गाडी आणि स्वच्छतागृहं उघडी असावीत. एवढं केलं तरी माणूस तक्रार करत नाही.

स्टॉपर_मंगळवारपेठ

माझं मत द्यायचं राहिलं होतं. पाहुण्याला येऊ द्यावं. ज्यानं पूर्वी हात उचललाय त्याला नाव घेऊन घरी बसवा. बाकीच्यांना सांभाळायला त्यांच्या गावचा माणूस बरोबर द्या. आणि काही झालं तर चौकशी होईपर्यंत मंत्र्यानं तोंड उघडू नये. पॅरिसचं वाचल्यापासून ह्या शेवटच्या गोष्टीचा राग जात नाही.

लाल_मफलर

शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

वाळूतला_विदर्भ

आपल्या सरकारसाठी एक सुचवतो. परदेशात शिकणारी, काम करणारी आपली लाखो पोरं आता तिथल्या क्लबांच्या मागे युरोपभर फिरतात. ज्या शहरात मोठा सामना आहे तिथल्या भारतीय दूतावासाने आठवडाभर आधी आपल्या पानावर चार ओळी टाकाव्यात: जमायची जागा, आपत्कालीन नंबर, पासपोर्ट हरवला तर काय. खर्च काही नाही. मी परराष्ट्र मंत्रालयाला तसं पत्र लिहायला घेतलंय, मसुदा उद्या इथेच टाकतो. कुणाला सही करायची असेल तर सांगा.

शिक्का_मोर्तब

माझी सही धरा. मसुद्यात तातडीच्या प्रमाणपत्राचा मुद्दा नक्की घ्या, इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा.

ब्रसेल्सकर

माझीही. युरोपातल्या माहिती केंद्रांचा परिच्छेद मी लिहून देते.